कुठून उघडणार?

“खाट हलवाल ना?” गुणाजी धनावड्यानं विचारलं. तो आमच्या माजघरात हातात टेप घेऊन उभा होता आणि मान वर करून कौलांकडे बघत होता.

“खाट कशाला हलवायची?” बाबा पडल्या पडल्या म्हणाले.

“धूळ पडंल, दौलतदादा. कौलांखालच्या रीपांना वाळवी लागलीय, भुकटी पडंल. डोळ्यात जाईल.”

“डोळं मी मिटीन. तू कुठून उघडणार तेवढं सांग.”

गुणाजी आमच्या शेजारच्या वाडीतला. गावातली निम्मी छपरं त्याच्या हातची. त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकली.

“पडवीकडून चालू करू,” तो म्हणाला. “मग सैपाकघर. माजघर शेवटी. तोवर पडवीवर नवा पत्रा चढलेला असंल, तुमाला उचलून तितं नेऊ.”

“आणि मी नाय हललो तर?”

गुणाजी हसायला गेला, पण अर्ध्यात थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या येसूआत्याकडे. आत्या पाठ फिरवून आत गेली.

“तर मग माजघर सोडून बाकीचं करू,” गुणाजी म्हणाला आणि चपला घालून निघालासुद्धा. चहा आधणावर होता. फुकटच्या चहाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हता, एवढं मला माहीत होतं.

आदल्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं. तेव्हापासून ते माजघरात, त्या एका खाटेवर होते. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. आत्या रोज सकाळी दार लोटून त्या धुवायची आणि मी घरी असलो तर तेवढा वेळ अंगणात जाऊन बसायचो, कारण बाबा तेव्हा जो आवाज काढायचे तो मला ऐकवत नसे. डॉक्टर म्हणाले होते, “हृदय ठणठणीत आहे. आणखी दोन-चार वर्षं सहज काढतील.” मला ते ऐकून बरं वाटलं होतं. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मी तेव्हा रत्नागिरीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो. बायको-मुलं तिकडेच. मी सुट्टीला गावी यायचो. खरं तर गाव माझं अर्धंच. आई गेली तेव्हा मी लहान होतो आणि चिपळूणला मामाकडे शिकायला होतो. मला आणलं तोवर तिचा जीव गेला होता. पुढची शाळाही तिकडेच झाली, त्यामुळे वाडीच्या कितीतरी रीती मला पाहुण्याइतक्याच ठाऊक. बाबा आणि त्यांची विधवा बहीण, म्हणजे येसूआत्या, एवढीच दोघं या घरात राहिली.

छपराचं म्हणाल, तर त्याच्यावरून माझी आणि बाबांची दहा वर्षं हुज्जत चालू होती. फणसाच्या दिवसांत वानरांची टोळी यायची आणि अंगणात कबड्डी मांडावी तशी कौलांवर मांडायची. पावसाळ्यात घरभर पातेली. मी म्हणायचो, कौलं काढून पत्रा घालू. बाबा म्हणायचे, “मी मेल्यावर काय तो पत्रा घाल. माज्या डोक्यावर नको.” बाबांचा स्वभाव म्हणजे चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. वाकडे खिळे ठोकून सरळ करणारा, आगपेटीच्या काड्या उभ्या चिरून दोन करणारा माणूस. त्यामुळे मी समजायचो, नकार पैशापायी आहे.

आणि मग त्या वर्षी शिमगा झाल्यावर त्यांनीच आत्याकडून मला फोन लावून घेतला. “रजा टाक,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. “ठेकेदार बोलाव. दोन-तीन बोलाव. छप्पर काढू.”

मी आनंदानं रजा टाकली.

दुसरे ठेकेदार हुसेनभाई सोलकर. राजापूरकडचे, स्वतःचं वेल्डिंगचं दुकान, माणूस कामाला चोख. त्यांनी बाहेरून मापं घेतली, भिंती ठोकून बघितल्या, कुठल्या जाडीचा पत्रा, त्याखाली किती लोखंडी कैच्या, सगळं मला नीट समजावून सांगितलं. मग बाबांना भेटायला आत आले. बाबांनी दर विचारला नाही, पत्रा विचारला नाही.

“कुठून उघडणार?”

हुसेनभाईंची नजर सरळ वर गेली. खाटेच्या बरोबर वरच्या कौलांवर थोडी थांबली.

“तुमी निजलाय ती खोली शेवटी, दादा,” ते हळू म्हणाले.

“आणि मी बोललो, हीच पयली धरा?”

“तर मग दुसरा माणूस बघा.”

अंगणात आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “बाबांना चार दिवस रत्नागिरीला न्या. नेलंत तर मी फुटामागं पाच रुपये कमी करतो.”

“का पण?”

“धूळ असते,” हुसेनभाई म्हणाले. त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

दोन धर्मांचे, दोन गावचे ठेकेदार, आणि दोघांना एकाच धुळीची काळजी. मला ते खटकलं. त्या संध्याकाळी मी आत्याला विचारलं. ती चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होती.

“ने त्याला,” ती म्हणाली. “छप्पर होईस्तोवर ने. नाय बोलला तरी ने.”

“त्यांना गाडीत बसवेल का? पाठ बघितलीस ना?”

“मी रोज बघतंव,” आत्या म्हणाली. “तू बघितलीस काय?”

बाबांना पेज भरवायला मीच गेलो, तर ते वर बघत होते. दिवसभर तेच चाले. पूर्वी दाराकडे तोंड करून कोण आला-गेला बघायचे, आता फक्त वर.

“मनू,” ते म्हणाले, “तो काळा वासा दिसतो? त्याच्यापासनं तिसरं कौल. सैल हाय काय बघ.”

मला खालून काय दिसणार? म्हटलं, “घट्ट आहे. पडणार नाही, घाबरू नका.”

“घट्ट हाय,” ते स्वतःशी म्हणाले आणि पेज नको म्हणून तोंड मिटलं. मला उगीचच वाटलं, की मी चुकीचं उत्तर दिलं.

तिसरा ठेकेदार मी बोलावलाच नव्हता. आनंदा चौगले, गारगोटीकडचा. पुढच्या गावात शाळेचं छप्पर घालायला आला होता. बाबांनी दूधवाल्याकडून त्याला परस्पर निरोप धाडला होता. अंगानं आडवा, बोलायला मोकळा. दारातूनच म्हणाला, “कुठं हाईत ओ मालक?”

“कुठून उघडणार?” बाबांनी विचारलं.

“तुमी म्हनशीला तिथनं. आमाला काय, छप्पर ते छप्पर.”

बाबांनी चांगला हात उचलून बोट वर केलं. “हितनं. पयलं कौल हे.”

“खाली तुमी असताना?”

“मी असताना.”

आनंदानं डोकं खाजवलं. “बगा बुवा. हातानं सावकाश काडतो. खाली ताडपत्री बांदू.”

“ताडपत्री नको. मना वर दिसाया पायजे.”

आनंदा माझ्याकडे बघून हसला, म्हातारी माणसं असतातच अशी, या अर्थानं. मीही हसलो. स्वयंपाकघरात काहीतरी धातूचं खाली पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं. ते उचलायला आत्या वाकली नाही.

रात्री मी पडवीत बसून तिघांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. गुणाजी सगळ्यांत स्वस्त, वर कौलं उतरवून मागीलदारी रचून देणार. हुसेनभाई थोडे महाग, पण त्यांचा पत्रा जाड. आनंदा हुसेनभाईंपेक्षा चाळीस हजारांनी वर, कारण त्याचा सगळा माल घाटावरून येणार. शाळकरी पोराला विचारलं असतं तरी त्यानं आनंदाच्या नावावर काट मारली असती. मी हुसेनभाईंच्या नावाखाली रेघ ओढली आणि बाबांना सांगायला गेलो.

“तिसरा,” बाबा म्हणाले.

“तुम्ही ऐकलं नाहीत. तिसरा चाळीस हजार जास्त मागतोय.”

“तिसरा.”

“बाबा, तुम्ही दहा रुपये वाचवायला बाजारातून चालत यायचात.”

“त्याच्यासाठीच वाचवलं,” ते म्हणाले. “पेटीत हायत. उद्या सकाळी त्याला आगाव दे. मागं फिरला नाय पायजे.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ज्या माणसानं आयुष्यभर दर पाडल्याशिवाय वांगं घेतलं नाही, तो मागितलेली रक्कम देत होता, तीही आधी. मला भीती वाटली. कशाची ते सांगता आलं नसतं, पण हातातला कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि दिवा न मालवता बाहेर आलो.

सकाळी मी एक चलाखी करायला गेलो. आनंदाला टाळावं आणि लगेच काम धरू शकेल अशा जवळच्या गुणाजीला ते देऊन मोकळं व्हावं. बाबांना दोन दिवस राग येईल, मग विसरतील. गुणाजीला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“घाटावरचा कुठून उघडणार बोलला?” त्यानं विचारलं.

“बाबांच्या खाटेवरून. त्यांनीच तसं सांगितलं.”

पलीकडे करवत चालू होती; ती त्यानं कुणाला तरी सांगून थांबवली.

“मग मना मधी घेऊ नको,” गुणाजी म्हणाला. “आणि तो येईल त्या दिवशी तू घरात राहा. कुठं जाऊ नको.”

“गुणाजीकाका, काय आहे हे? नीट सांगा.”

“घरातलं घरातल्यानं सांगावं. येसूला विचार.”

पण विचारायला मी धजलो नाही. छपराचं काम होतं, कौलं, रीपा, पत्रे; त्यात घाबरण्यासारखं काय होतं? असं मी स्वतःला बजावत राहिलो. आगाऊ रक्कम मी आनंदाला पोचती केली आणि काम सोमवारी धरायचं ठरलं.

सोमवारी सकाळी आनंदा दोन गड्यांना घेऊन आला. शिडी लागली, दोर वर गेले. मी त्यांना पाणी दाखवून माजघरात आलो आणि जागीच थबकलो. बाबांना आत्यानं अंघोळ घातली होती. धुतलेलं धोतर नेसवलं होतं. दाढी केलेली होती. खाटेखालची जमीन शेणानं सारवलेली, आणि उशाशी तांब्याच्या भांड्यात पाणी, त्यात तुळशीचं पान.

तुळशीचं पान कधी ठेवतात ते मामाकडे वाढलेल्यालाही कळतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती.

“आत्या, हे काय चाललंय?”

“तुला सांगायचं नाय असं वचन घेतलंन माज्याकडनं,” ती म्हणाली. वर कौलांवर पावलं वाजत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं. “माणूस अडकला की कौल सरकवतात, मनू. आपल्या ह्या भागात पयल्यापासून करतात. जीव जायाचा असतो पण वाट गावत नाय, माणूस नुसता तळमळतो. मग घरातला कोणतरी वर चढतो आणि त्याच्या वरचं एक कौल काढतो. म्हणून निजल्या माणसावरचं कौल कोण हलवत नाय. गुणाजी नाय हलवणार, हुसेन पण नाय हलवणार.”

वर आनंदा कुणाला तरी म्हणत होता, “तिकडनं धर, तिकडनं.”

“आणि बाबा—”

“तुजी आई अशीच पडली होती. हितंच, ह्याच माजघरात. पोटाचा रोग. मी सांगत होते, दौलत, वर चढ. ती हात जोडीत होती त्याला. तो शिडीला हात लावायचा आणि परत यायचा. बोलायचा, माज्या हातानं नाय होणार. शेवटी सुटली ती, पण कशी सुटली ते मी बघितलंय. तुला आणला तेव्हा तिचं तोंड झाकून ठेवलं होतं, आठवतं?”

मला आठवत होतं. मी कितीदा सांगूनही तोंडावरचं कापड कुणी बाजूला केलं नव्हतं.

“आता पत्रा होणार,” आत्या म्हणाली. “पत्र्याचं काय सरकवणार? तो बोलला, कौलं हायत तोवरच. आणि हितला कोण करणार नाय, म्हणून परका शोधलान. ज्याला ह्यातलं काय म्हाईत नाय असा.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं तर तू त्याला उचलून रत्नागिरीला नेशील, असं बोलला. आणि नाय नेलास, तरी तू त्याचाच मुलगा. शिडीला हात लावशील आणि परत येशील.”

मी माजघरात धावलो. बाबा वर बघत होते. कौलांच्या फटीतून गड्याच्या पायांची सावली सरकताना दिसत होती.

“मला कळलं,” मी म्हणालो. “काम थांबवतो. गाडी बोलावतो. रत्नागिरीला नवा दवाखाना झालाय, तिथे जखमांवर—”

“येसू,” बाबांनी हाक मारली. “ह्याला पाठ दाखव.”

“नको बाबा.”

“दाखव.”

आत्यानं त्यांना कुशीवर वळवलं. बाबांनी खालचा ओठ दातांत धरला, आवाज काढला नाही. मी बघितलं. किती खोलवर ते होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आत्यानं त्यांना सावकाश परत निजवलं आणि चादर ओढली.

बाबांच्या कपाळावर घाम आला होता. धाप ओसरल्यावर ते बोलले, थांबत थांबत. “तुज्या आईसाठी मी चढलो नाय. तिनं मना कदी माफ केलं नसंल. तुला मी चढ बोलत नाय. त्याच्यासाठीच तो घाटावरचा ठेवलाय. तू फक्त त्याला अडवू नको.”

“आणि काहीच झालं नाही तर?”

“तर उजेड तरी येईल.”

वरून आनंदाचा आवाज आला. “काय ओ, चालू करू का?”

बाबा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात हुकूम नव्हता. मला आठवतंय, मी लहानपणी जत्रेत काही मागायचो आणि नाही म्हणतील हे ठाऊक असूनही त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. आज ते तसं बघत होते.

मी बाहेर गेलो. उन्हानं अंगण पांढरं झालं होतं. आनंदा आढ्याजवळ ओणवा होऊन एका कौलाला हात घालत होता.

“थांबा,” मी ओरडलो. “खाली या.”

“का ओ? काम नको म्हनतासा?” तो उतरत उतरत म्हणाला. आगाऊ घेतलेल्या पैशांची काळजी त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती.

“काम तुमचंच आहे. पहिलं कौल मी काढतो.”

आनंदानं माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या आत्याकडे. काय समजला कोण जाणे, त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि गड्यांना फणसाखाली जाऊन बसायची खूण केली.

मी शिडीला हात लावला. बांबू तापला होता. खरं सांगतो, मी हात काढून घेतला. परत लावला. मग चढलो.

वर गेल्यावर सगळी कौलं सारखी. वाळलेल्या शेवाळानं काळी पडलेली, जिकडे बघावं तिकडे तीच. खालून काळा वासा दिसतो, वरून काय कळणार? मी रांगत रांगत अंदाजानं पुढे सरकलो आणि थांबलो. तेवढ्यात खालून आवाज आला. ठक. ठक. आत्या आंबे पाडायच्या लांब काठीनं आतून कौल ठोकत होती. ठोकणारी ती असली, तरी कुठं ठोकायचं ते सांगणारे बाबाच होते. माझ्या डाव्या गुडघ्याजवळ एक कौल ठोक्यासरशी हलत होतं.

डेपोत मी मोठमोठी इंजिनं उतरवली होती. तेवढ्या एका कौलाला माझी बोटं लागेनात. कडा धरली, वरच्या कौलाखालून ओढलं, तर आलं. घट्ट नव्हतं ते, नुसतं बसलेलं होतं.

उजेडाचा एक चौकोन थेट खाटेवर पडला. बाबांनी डोळे बारीक केले. भोकातून मला त्यांचा चेहरा दिसत होता, छाती दिसत होती आणि छातीवर ठेवलेला चांगला हात. त्यांना उन्हापुढे मी नुसता काळा दिसत असणार.

“कोण, आनंदा?”

“मी आहे, बाबा.”

त्यांनी हात छातीवरून उचलला, डोळ्यांवर आडवा धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. रडत होते की हसत होते, ते त्या अर्ध्या तोंडावर मला ओळखता आलं नाही.

“फोडू नको ते,” शेवटी ते म्हणाले. “सावकाश उतरव. अजून चालंल.”

मी कौल पोटाशी धरून खाली आलो आणि भिंतीला टेकवून ठेवलं. त्या दिवशी पुढचं काम कुणी धरलं नाही. आत्या आणि मी खाटेच्या दोन बाजूंना बसलो. तो चौकोन बाबांच्या छातीवरून खांद्यावर आला, खांद्यावरून उशीवर, उशीवरून खाली सारवलेल्या जमिनीवर. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते वर, त्या मोकळ्या जागेतून दिसणाऱ्या फणसाच्या फांदीकडे बघत होते. उजेड भिंतीवर चढला तेव्हा आत्यानं त्यांच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं.

गुणाजी आणि हुसेनभाई दोघंही मयतीला आले होते. दोघांनीही आत पाऊल टाकताना आधी वर बघितलं, आणि दोघांनीही मला काही विचारलं नाही.

सुतक फिटेपर्यंत ती जागा मी झाकली नाही. मग एके सकाळी टेम्पोतून पत्रे आले. आनंदा चौगले चपला अंगणात काढून दारात उभा राहिला. पहिल्यासारखा मोकळा बोलला नाही.

“मालक,” तो म्हणाला, “कुठनं उघडायचं?”

मालक म्हणजे मी, हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आलं.

“उघडलंय तिथूनच,” मी म्हणालो.